मदत हवी आहे: क्रॅप्समध्ये पास लाईनमागे ऑड्स किती लावावेत?

नमस्कार मंडळी,

क्रॅप्स, म्हणजे कॅसिनोत दोन फाशांवर चालणारा खेळ, मी सध्या कागदावर मांडून समजून घेतोय. खेळेन तेव्हा २०० चिप्स घेऊन उभा राहणार, त्या संपल्या की तिथून निघणार, एवढं पक्कं आहे. त्या २०० चिप्स कशा लावाव्यात यावर अडलोय.

आधी मला काय कळलंय ते सांगतो. दोन फाशांची एकूण ३६ दानं. त्यातली सहा दानं ७ ची, प्रत्येकी पाच ६ आणि ८ ची, चार-चार ५ आणि ९ ची, तीन-तीन ४ आणि १० ची. पास लाईनवर, म्हणजे फासे टाकणाऱ्याच्या बाजूने, लावलं आणि पहिल्याच फेकीत ७ किंवा ११ पडले तर जिंकलो. २, ३ किंवा १२ पडले तर गेलो. बाकी जो आकडा येईल तो पॉइंट, आणि मग ७ च्या आधी तोच आकडा पुन्हा पडायला हवा. सगळा हिशेब केला की सरासरी ४९५ डावांत २४४ जिंकायचे आणि २५१ हरायचे निघतात. म्हणजे कॅसिनोचा वाटा, पैजेतला सरासरी जाणारा हिस्सा, १.४१ टक्के. डोन्ट पासवर, म्हणजे फासे टाकणारा हरेल या पैजेवर, तो १.३६ टक्के होतो, पण एवढ्याशा फरकासाठी अख्ख्या टेबलाच्या उलट्या बाजूने खेळावं असं मला वाटत नाही.

टेबलाच्या मधोमध ज्या पैजा असतात त्यांना हात लावायचा नाही हे ठरलंय. 'एनी सेव्हन'चंच बघा: ७ पडण्याची शक्यता सहात एक, आणि देतात एकास चार. तिथे कॅसिनोचा वाटा १६.६७ टक्के! हार्ड सिक्स, हार्ड एटवर (दोन्ही फाशांवर सारखाच आकडा पडून ६ किंवा ८ होण्यावर) ९.०९. त्यामानाने ६ किंवा ८ वरची प्लेस बेट, म्हणजे ७ च्या आधी तो आकडा पडेल ही पैज, बरी, १.५२ टक्के. पण तीच प्लेस बेट ४ किंवा १० वर लावली की ६.६७. नाव एकच, पैज एकच, आणि किंमत चौपटीहून जास्त.

एक मित्र म्हणतो, हरलास की दुप्पट लाव, कधीतरी जिंकशीलच. मी हिशेब केला. १ चिपपासून सुरुवात करून सलग सात डाव हरलो तर १२७ चिप्स जातात आणि आठव्या डावाला १२८ लागतात, ज्या तोवर माझ्याकडे नसतील. सलग सात हरण्याची शक्यता साधारण ११६ त एक. एवढं सगळं पणाला लावून मिळवायची किती, तर १ चिप. त्याला हे पटवता आलं नाही, पण माझ्यापुरता तो मार्ग बंद.

आता खरा प्रश्न. पॉइंट लागल्यावर पास लाईनमागे ऑड्स, म्हणजे त्याच पॉइंटवरची जोडीची जादा पैज, लावता येतात आणि त्यावर कॅसिनो अगदी खऱ्या शक्यतेप्रमाणे पैसे देतं: ४ आणि १० ला एकास दोन, ५ आणि ९ ला दोनास तीन, ६ आणि ८ ला पाचास सहा. वाटा शून्य. म्हणून जमतील तेवढे ऑड्स लावावेत असं सगळीकडे वाचतो. पण टेबलाची किमान पैज ५ चिप्स असेल आणि मी मागे १० लावल्या, तर पॉइंट लागल्यावर एका ७ सरशी १५ जातील. २०० मध्ये हे झेपेल का? की ऑड्स सोडून लाईनवरच १० लावाव्यात? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:

हिशेब बरोबर आहे तुमचा. फक्त एक गोष्ट ध्यानात घ्या: ऑड्स लावल्याने लाईनवरचा तोटा कमी होत नाही. लाईनवर ५ चिप्स असतील तर डावामागे सरासरी ०.०७ चिप जाणार. मागे काही लावा किंवा लावू नका, तेवढीच. ऑड्सने टक्केवारी छान दिसते, कारण तोटा तोच राहून पैजेची रक्कम वाढते. फायदा तेव्हाच होतो जेव्हा लाईनवर आधीच कमी लावून तेवढे पैसे तुम्ही मागे लावता. लाईनवर १० लावल्यात तर सरासरी तोटा सरळ दुप्पट, ०.१४. म्हणून लाईनवर नेहमी किमान पैजच ठेवा, हे आधी.

मागे किती लावायचं हा प्रश्न चढउतार सोसण्याचा आहे. २०० मध्ये प्रत्येक वेळी १५ पणाला लागले तर तेरा-चौदा वाईट डावांत हात रिकामा. १० लागले तर वीस. मी तुमच्या जागी असतो तर मागे ५ च लावले असते आणि जोडीला कम बेट्स, म्हणजे पॉइंट ठरल्यानंतर पास लाईनसारख्याच लावायच्या नव्या पैजा, टाकल्या नसत्या. एकाच वेळी तीन आकड्यांवर पैसे पसरलेले असले की एक ७ सगळं घेऊन जातो. मन बदललं तर ऑड्स कधीही काढून घेता येतात. पॉइंट लागल्यावर पास लाईनवरची मूळ पैज मात्र काढता येत नाही.

आणि पॉइंट ५ किंवा ९ असेल तर मागे ५ ऐवजी ६ लावू देतात का ते डीलरला विचारा. ५ चिप्सवर दोनास तीनने साडेसात होतात, आणि वरची अर्धी चिप बहुतेक वेळा मिळत नाही. शून्य वाट्याची पैज तेवढ्यापुरती शून्य राहत नाही.