अनुदान येतं, पण सिनेमा झाल्यावर

एकांनी विचारलंय की मराठी सिनेमाला राज्य सरकारचं अनुदान असताना नटाने स्वतः काढलेल्या पहिल्या सिनेमात घरचे पैसे का घालायचे. अनुदान आहे आणि ते मोलाचं आहे. सिनेमाला 'अ' किंवा 'ब' दर्जा मिळतो, त्यावर रक्कम ठरते. पण ते येतं सिनेमा पूर्ण होऊन सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळाल्यावर, समितीने परीक्षण केल्यावर. शूटिंग चालू असताना जेवण, गाड्या, जनरेटरचं डिझेल याला रोख लागते.

माझे पहिले पैसे मालिकांच्या कामातून साठवलेले होते, पुढचे पुण्याच्या 'सुदर्शन' रंगमंचावर सोबत नाटकं केलेल्या मित्रांनी घातले. आम्ही नटांनी मानधन नंतर घ्यायचं ठरवलं. लाइटवाले आणि स्पॉटदादांना (सेटवर चहापाणी, सामान बघणाऱ्यांना) तसं सांगायचा आपल्याला हक्कच नाही. त्यांच्या पैशांची पाकिटं रोज पॅकअपला हातात पडलीच पाहिजेत.

कॅमेरा ओळखीत मिळतो, सदाशिव पेठेतला वाडाही मिळतो. आवाजावर मात्र हात आखडू नका. कुजबुजीचा प्रसंग आणि बाहेर रिक्षांचे हॉर्न! मग डबिंगचा खर्च वाढतो आणि नटाचा तो क्षण पुन्हा येत नाही, तो भाग वेगळाच.

गुंतवणूकदाराकडे नुसती संहिता नेऊ नका. एक प्रसंग पूर्ण चित्रित करून, आवाजासकट दाखवा. फाळक्यांनीही आधी वाटाण्याचं रोप उगवतानाची छोटी फिल्म करून दाखवली, तेव्हा त्यांना भांडवल मिळालं. आणि मित्रांचे पैसे घेत असाल तर परतफेडीचा क्रम आधी कागदावर लिहून सह्या घ्या.