काडतूस, गोळी, पुंगळी आणि ‘ग्रेन’ : एक शब्दचर्चा

प्रश्न (पणजी)
रिव्हॉल्वरसाठी जड, ओतीव गोळ्या वापरून स्वतः काडतुसे भरू लागलेल्या एका नवशिक्या अमेरिकी नेमबाजाच्या लेखाचा मी मराठी अनुवाद करीत आहे. शस्त्र .४४ मॅग्नम या जोरकस काडतुसाचे आहे. मूळ लेखात अख्खे काडतूस आणि नळीतून सुटणारा शिशाचा तुकडा यांसाठी दोन वेगळे शब्द आहेत; आपण मात्र दोहोंना ‘गोळी’च म्हणतो. शिवाय ‘ग्रेन’ या वजनासाठी ‘गुंज’ हा आपला जुना शब्द योजावा, असे मनात आहे. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर (फोंडा)
‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीज ‘कार्तुशु’वरून आपल्याकडे आला आणि तो अख्ख्या वस्तूसाठीच राखून ठेवावा. त्याचे चार भाग मराठीत सहज सांगता येतात: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसणारा आणि आघाताने दारू पेटवणारा प्राइमर, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. यांपैकी ‘पुंगळी’ वर्तमानपत्रांनी रूढ केलेलाच शब्द आहे. घटनास्थळी ‘रिकाम्या पुंगळ्या’ सापडल्याचे आपण नेहमी वाचतो. एकदा ही वाटणी केली की ‘गोळी’ फक्त शिशाच्या तुकड्यासाठी उरते, आणि ‘ओतीव गोळी’ म्हटल्यावर शिशात कथील व अँटिमनी मिसळून साच्यात ओतलेली गोळी, असा अर्थ संदिग्धता न राहता पोहोचतो. नुसते ‘दारू’ लिहू नये, ‘धूरविरहित दारू’ लिहावे, असा माझा आग्रह आहे. ‘बंदुकीची दारू’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे गंधक, कोळसा आणि सोऱ्याची काळी दारू येते. धूरविरहित दारू तिच्याहून कितीतरी जोरकस असल्याने एकीचे माप दुसरीला लावणे घातक आहे.

उत्तर (वाळपई)
सत्तरी तालुक्यात रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवान्याच्या बंदुका बाळगणारी घरे आहेत, त्यामुळे ‘बार’ हा शब्द येथे कानांवरचा आहे. मात्र ‘बार भरणे’ म्हणजे ठासणीच्या बंदुकीच्या नळीत दारू आणि छर्रे ठासणे. पुंगळीत दारू घालण्याला तो शब्द लावू नये. ‘काडतूस भरणे’ आणि ‘रिव्हॉल्वर भरणे’ या क्रियाही वेगळ्या ठेवाव्यात.

उत्तर (म्हापसा)
‘गुंज’ला माझा स्पष्ट विरोध आहे. सोनारकामातील हिशेब पाहा: एक तोळा म्हणजे ९६ गुंजा आणि तोच तोळा १८० ग्रेन, म्हणजे एक गुंज पावणेदोन ग्रेनहून थोडी अधिक भरते. दारूच्या मापात ‘ग्रेन’च्या जागी ‘गुंज’ लिहिली आणि कोणी ते शब्दशः घेतले, तर पुंगळीत जवळजवळ दुप्पट दारू पडेल. ‘दाणा’ही नको, कारण दारूला स्वतःचे दाणे असतात. ‘ग्रेन’ असाच ठेवावा, पूर्ण लिहावा, ‘ग्रे.’ असे तोडल्यास ‘ग्रॅम’शी घोटाळा होतो, आणि एका ग्रॅममध्ये सुमारे १५.४ ग्रेन असतात. गोळीच्या वजनापुढे मात्र ग्रॅम द्यायला हरकत नाही: २४० ग्रेनची नेहमीची गोळी सुमारे १५.६ ग्रॅमची, ३०० ग्रेनची जड गोळी सुमारे १९.४ ग्रॅमची.

प्रश्नकर्ती (पणजी)
आपणा सर्वांची आभारी आहे. ‘गुंज’ काढून टाकली आहे. आणखी एक अडचण आहे. लेखक म्हणतो, की जड गोळी पुंगळीतील अधिक जागा व्यापते, त्यामुळे हलक्या गोळीचे दारूचे माप तिला लावल्यास दाब धोकादायक वाढू शकतो; आणि गोळी बसवल्यावर पुंगळीचे तोंड तिच्या खाचेत दाबून घ्यावे लागते. या शेवटच्या क्रियेला काय म्हणावे?

उत्तर (फोंडा)
‘तोंड आवळणे’ पुरेसे आहे. तोंड नीट आवळलेले नसेल, तर बार झाल्याच्या धक्क्याने सिलिंडरमधील, म्हणजे रिव्हॉल्वरच्या काडतुसे धरणाऱ्या फिरत्या भागातील, उरलेल्या काडतुसांच्या गोळ्या पुढे सरकतात आणि एखादी बाहेर डोकावली, तर सिलिंडर फिरतच नाही. जड गोळीत हा धोका अधिक, हेही अनुवादात स्पष्ट यावे. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्यावाचून दारूगोळा तयार करता येत नाही. एवढी तळटीप लेखाच्या पहिल्याच पानावर द्यावी.