मदत हवी आहे: जपानी आजी-आजोबांकडे दोन दिवस

नमस्कार मंडळी, मी ओसाकाला शिकतोय. शनिवार-रविवार नारा शहरात एका जपानी आजी-आजोबांच्या घरी राहायला जायचंय.

अडचण जेवणाची. मी शाकाहारी आहे, मासे खात नाही हे कळवलंय. पण मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनचं जपानी सूप) ज्या दाशीत, म्हणजे मूळ रश्श्यात, करतात, त्यात बहुधा सुकवलेल्या बोनितो माशाचा अर्क असतो. आजींना न दुखावता हे कसं सांगू? की गुपचूप पिऊन टाकू? (आईला कळायला नको!)

अंघोळीचं समजलंय: आधी बाहेर अंग धुवायचं, मग टबात बसायचं आणि नंतर पाणी सोडायचं नाही, कारण त्यातच बाकीचेही बसतात.

भेट म्हणून बाकरवडी आहे. तिखट लागेल का त्यांना? की नारळाच्या वड्या बऱ्या? कुणी असं राहिलं असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा, प्लीज.