२६ जानेवारीचा कवितापाठ : नावं, शंका, सगळं इथेच लिहा

बी-४०२ :
नमस्कार मंडळी, कालच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये लिफ्टच्या विषयात कवितापाठ राहूनच गेला म्हणून इथे लिहितेय, मेसेज लांबणार आहे पण पूर्ण वाचा प्लीज.
आधी तारीख. २७ फेब्रुवारीला तात्यासाहेबांची म्हणजे कुसुमाग्रजांची जयंती, मराठी भाषा गौरव दिन, आणि नाशिकमध्ये राहून त्या दिवशी आपण काही करायचं नाही हे माझ्याही जिवावर येतंय. पण हल्ली बारावी आणि दहावी दोन्ही बोर्ड फेब्रुवारीतच सुरू होतात, आणि आपण गट धरलाय आठवी ते कॉलेज, मग नेमकी दहावी बारावीचीच पोरं बाहेर ठेवून तरुणांचा कवितापाठ कसला करायचा? म्हणून २६ जानेवारी. ध्वजवंदनाला सगळे खाली उतरलेलेच असतात, साउंड लावलेला असतो, खुर्च्या मांडलेल्या असतात, आणि सरकारचा मराठी भाषा संवर्धन पंधरवडाही १४ ते २८ जानेवारी असतो त्यामुळे निमित्त पण आहे. नऊला सुरू, साडेअकराला संपलं पाहिजे.

सी-३०३ :
ताई जानेवारीत प्रिलिम असतात. आमच्या कन्येचं वेळापत्रक बघितलं तर श्वास घ्यायला वेळ नाही.

बी-४०२ :
दादा कल्पना आहे. पण तीन-चार मिनिटांची एक कविता आहे हो, तीही तिला आवडेल ती. क्लासला जाता येता म्हणाली तरी पाठ होईल. नाही जमलं तर ऐकायला तरी पाठवा, पण तिला विचारून ठरवा, तुम्ही परस्पर नाही म्हणू नका.

ए-५०४ :
स्पर्धा आहे का? नंबर किती काढणार? बक्षिसाला काही रक्कम द्यायला आवडेल.

बी-४०२ :
काका मनापासून थँक्यू, पण स्पर्धा नाही. नंबर काढायचा नाही हे मी मीटिंगमध्ये पण बोलले होते आणि त्यावर मी ठाम आहे. तुमचे पैसे पुस्तकांना वापरू, प्रत्येकाला त्याने जी कविता म्हटली त्याच कवीचा एक संग्रह द्यायचा.

सी-३०३ :
नंबर नसेल तर मुलं तयारी करत नाहीत हा अनुभव आहे. दोन दिवस आधी कागद हातात घेतात आणि स्टेजवर मोबाइल बघून वाचतात.

बी-४०२ :
बरोबर, तयारी होत नाही हे खरंय. पण माझ्या मते कारण वेगळं आहे. मूल घरात कविता म्हणतं तेव्हा ऐकायला कोणी नसतं. आई स्वयंपाकघरातून "हो हो छान" म्हणते, बाबा कॉलवर, आणि एकदम शंभर माणसांसमोर उभं करतो आपण त्याला. म्हणून मला एक गोष्ट हवीय, बाकी काही नाही झालं तरी चालेल. प्रत्येक मुलाला एक ऐकणारा. तो दुसऱ्या घरातला मोठा माणूस पाहिजे, स्वतःचे आई-बाबा नाही. मुलाने त्यांच्याकडे जायचं, समोर उभं राहून कविता म्हणायची, त्यांनी ऐकायची. चुका काढायच्याच असं नाही. फक्त टीव्ही बंद, मोबाइल उलटा, आणि पूर्ण ऐकायची. आपल्याकडे चार विंगमध्ये किती आजी-आजोबा दुपारी घरी एकटे असतात ते मी सांगायला नको.
बहिणाबाईंना लिहिता वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करता करता त्या म्हणायच्या, आणि मुलाने म्हणजे सोपानदेवांनी आणि घरातल्या माणसांनी ते ऐकून टिपून ठेवलं म्हणून त्या गेल्यावर १९५२ला पुस्तक निघालं आणि महाराष्ट्राला कळलं. घरात कोणी कान दिला नसता तर आज एक ओळ हाताला लागली नसती. आणि विंदा, बापट, पाडगावकर तिघं मिळून गावोगाव कविता वाचत हिंडले तेव्हा लोक ऐकायला गर्दी करायचे, ती ऐकायची सवय आपल्या आई-वडिलांच्या पिढीला त्यातूनच लागली, असं माझी आई सांगते.

ए-१०१ :
मी पहिलं नाव देते ऐकणाऱ्यांत. मला तीन मुलं द्या. रोज चार ते सहा मी मोकळीच असते.

बी-४०२ :
बाई तुम्ही आहात म्हणूनच मला हिंमत आली. तुम्ही शिकवायच्या बाजूने पण लिहा ना इथे, म्हणजे पालकांना कळेल.

ए-१०१ :
लिहिते. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.
पालकांना पहिली विनंती, हातवारे शिकवू नका. सूर्य आला की दोन्ही हातांचा गोल, पाऊस आला की बोटं नाचवायची, आई म्हटलं की छातीवर हात. सहा वर्षांच्या मुलाला शोभतं ते, सोळा वर्षांच्या मुलीला नाही. ही नाट्यछटा नाही. हात बाजूला सैल सोडा, कविता आवाजात येऊ दे.
दुसरं, ओळ संपली की थांबायचं ही सवय शाळेत लागते, तालावर डुलत म्हणायची. मुक्तछंदात तर त्याने अर्थाचा पार चुराडा होतो. मी मुलांना कविता स्वतःच्या हाताने कागदावर उतरवायला लावते आणि पेन्सिलने खुणा करायला सांगते. जिथे थोडा श्वास घ्यायचा तिथे एक तिरकी रेघ, जिथे पूर्ण थांबायचं तिथे दोन. ज्या शब्दावर वजन द्यायचं त्याच्या खाली टिंब. अख्ख्या कवितेत टिंबं पाच-सहाच हवीत, प्रत्येक शब्दाला टिंब दिलं की ते ओरडणं होतं. असा खुणांचा कागद घेऊन या माझ्याकडे.
आणि पाठच पाहिजे. वाचताना डोळे खाली जातात आणि आवाजही खाली जातो. विसरलं तर थांबू दे मुलाला, मी पहिल्या रांगेत कागद घेऊन बसेन, शब्द देईन. त्यात कमीपणा काही नाही.

डी-२०१ :
आजी एक नंबर. मी टीवायला आहे, मला स्वतःची कविता म्हणायची आहे, चालेल का?

ए-१०१ :
चालेल रे. पण दुसऱ्याची एक आधी म्हण आणि मग तुझी.

बी-६०१ :
नमस्ते दीदी. माझी मुलगी नववीत आहे, आम्ही घरी हिंदी बोलतो पण तिला मराठीच कविता म्हणायची आहे. इंग्लिश मीडियममुळे देवनागरी स्लो वाचते म्हणून मी इंग्रजी अक्षरात लिहून देऊ का?

ए-१०१ :
नका देऊ. इंग्रजी अक्षरात ळ कुठून आणणार, कळीची कली होते. आणि चमचातला च आणि चंद्रातला च वेगळे, ते कागदावरून कळतच नाही, कानानेच कळतं. माझ्याकडे पाठवा, मी म्हणेन, ती मागून म्हणेल. आठ दिवसांत बघा. ओवीपासून सुरू करू, ओवी जिभेवर चटकन बसते.

ए-३०२ :
एक विचारायचं होतं. गेटवरच्या दादांच्या मुलाचं नाव पण यादीत दिसलं. कार्यक्रम मेंबर्ससाठी आहे ना? उद्या बाहेरची मुलं आली तर कोणाकोणाला नाही म्हणणार. फंड मेंटेनन्समधला आहे म्हणून विचारतोय, गैरसमज नको.

बी-४०२ :
विचारलंत ते बरं केलं, स्पष्टच बोलू. खर्च बघा आधी. साउंड गणपतीचा आपलाच, खुर्च्या आपल्याच, पोहे आणि चहा दरवर्षी ध्वजवंदनाला असतातच. फंडातून कार्यक्रमासाठी नवीन एक रुपया जात नाहीये, पुस्तकं काका देतायत. आणि तो मुलगा बाहेरचा कसा? पंपाशेजारच्या खोलीत राहतो, आपल्याच आवारात. तुमची गाडी रात्री अकराला आली तर बऱ्याचदा गेट तोच उघडतो. मनपाच्या मराठी शाळेत नववीला आहे आणि खरं सांगू का, यादीतल्या सगळ्यांत मोठी कविता त्याची आहे, नारायण सुर्व्यांची, आणि ती त्याची आत्ताच पाठ आहे. मी ऐकलीय. पार्किंगमध्ये स्कूटरला टेकून म्हणून दाखवली त्याने, एकदाही अडखळला नाही, शेवटच्या कडव्याला आवाज वाढवण्याऐवजी खाली आणला आणि तेच बरोबर होतं. सुर्वे स्वतः आधी शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले. त्यांची कविता म्हणणाऱ्या मुलाला मी मेंबर नाही म्हणून खाली बसवणार नाही. कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलांनाही यायचं असेल तर येऊ दे, वेळ कमी पडली तर मी माझं निवेदन कापेन.

ए-५०४ :
सहमत. पुस्तकं त्यांनाही, संख्या सांगा फक्त.

ए-३०२ :
ओके ताई, मुद्दा पटला. मलाही ऐकणाऱ्यांत घ्या, शनिवार-रविवार.

बी-४०२ :
घेतलं दादा, थँक्यू. नववीतला तो मुलगाच तुमच्याकडे देते, सुर्वे ऐकाच.
आता एक महत्त्वाचं. कविता व्हॉट्सॲपवरून घेऊ नका. खाली कुसुमाग्रज, पुलं, कोणाचंही नाव चिकटवलेलं असतं आणि कविता भलत्याच माणसाची निघते, आणि आपल्या गावात तात्यासाहेबांच्या नावावर दुसऱ्याची कविता स्टेजवरून गेली तर मला ते सहन होणार नाही. पुस्तकात बघून घ्या, संग्रहाचं नाव मला पाठवा. सावानाचं म्हणजे सार्वजनिक वाचनालयाचं मेंबरशिप ज्यांचं आहे त्यांनी प्लीज इतरांना पुस्तक आणून द्या, १८४० सालापासूनचं वाचनालय आपल्या गावात आहे आणि आपण गुगलवर कविता शोधतोय. बालभारतीची जुनी पुस्तकं कोणाच्या माळ्यावर असतील तर तीही काढा.

सेक्रेटरी :
माइकचं मी बघतो. मागच्या वेळी स्टँड उंच होता, मुलं माना वर करून बोलत होती. यावेळी स्टँड हनुवटीच्या खाली लावू आणि तोंडापासून वीतभर लांब, म्हणजे प-फ-भ ला फट फट आवाज येत नाही. २५ तारखेला संध्याकाळी सातला क्लब हाउसमध्ये माइक टेस्ट, सगळ्या मुलांनी यावं. नऊच्या आत संपवू.

डी-२०१ :
मी रेकॉर्डिंग करतो. पण रील नको ना? काही जणांना नकोय.

बी-४०२ :
रील नको. आवाज फक्त रेकॉर्ड कर, ज्याचं त्याला पाठव, ग्रुपवर टाकायचं की नाही ते मुलं ठरवतील. आणि टाळ्या कविता पूर्ण संपल्यावर, मध्ये शिट्ट्या नकोत, हे तू तुझ्या मित्रमंडळींना सांग बाबा.
नावं देताना असं लिहा : फ्लॅट, इयत्ता, कवी, संग्रह. ऐकणाऱ्यांनी फक्त फ्लॅट आणि मोकळी वेळ. जोड्या मी रविवारी लावते. एका विंगचा मुलगा शक्यतो दुसऱ्या विंगला जाईल अशा लावणार आहे.

सी-३०३ :
विचारलं कन्येला. म्हणाली करते, इंदिरा संत. संग्रह माझ्या आईकडे आहे, उद्या आणतो. आणि मी ऐकायला रात्री साडेआठनंतर आहे, कोणालाही पाठवा.