होटगी रोडची ती लाल इमारत: वीट खरी की चिकटवलेली?

शेंगाचटणी: परवा इथं 'विजापूर वेस' या सदस्यानं त्या नव्या आलिशान इमारतीचे फोटो टाकून लिहिलं, "सोलापूरला वास्तुकला आता कुठं आली. उघडी वीट, हिरवळ, पाम, कारंजं. उघड्या विटेत बांधणारा वास्तुकार लुई कान आठवतो." दोन दिवस गप्प बसलो. आज राहवेना.

मालक, ती वीटच नाही. आरसीसीचा सांगाडा, मध्ये सिपोरेक्सचे (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक आणि वरून विटेच्या चकत्या चिकटवल्यात. काम चालू होतं तेव्हा मी रोज तिथून जात होतो. पश्चिमेला तर वरपासून खालपर्यंत काच. मे महिन्यात ४३-४४ डिग्रीत संध्याकाळी पाचला त्या हॉलमध्ये एसी बंद करून बसून दाखवा. आजोबांच्या माळवदाच्या घरात हातभर जाड भिंती होत्या, वर पांढऱ्या मातीचा थर होता. त्याचं ब्रोशर निघालं नाही म्हणून ती वास्तुकला नाही का?

विजापूर वेस: तेच माळवद पावसात गळायचं, हे लिहायचं राहिलं वाटतं. माझ्या आजीनं कितीतरी श्रावण घरभर पातेली मांडून काढले. आणि सिपोरेक्समधून विटेपेक्षा कमी ऊन आत येतं. नावं ठेवता ठेवता माझीच बाजू मांडलीत, आभारी आहे.

ओळंबा: तीस वर्षं बांधकामात आहे म्हणून बोलतो. ब्लॉक वाईट नाही, काच वाईट. उघडी वीटच हवी असेल तर केरळात वास्तुकार लॉरी बेकरनं रुळवलेली पद्धत बघा. विटा कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवायची. चौथा हिस्सा विटा वाचतात, पोकळीतली हवा ऊन अडवते. जुळे सोलापुरात एका घराला करून दिली. पहिल्याच दिवशी गवंड्यानं थापी खाली ठेवली, "असली पोकळ भिंत मी बांधत न्हाई, उद्या नाव माझं जाईल." समजूत काढून बांधली. दोन पावसाळ्यांत खालच्या थरांना लोणा लागला, विटेतच क्षार. मालकानं न विचारता गिलावा करून टाकला. आजही समोर आलो की दोघंही विटेचा विषय काढत नाही.

लुई कानचं म्हणाल, तर अहमदाबादच्या आयआयएमनं २०२० च्या डिसेंबरात त्याच्या १८ पैकी १४ वसतिगृहांवर हातोडा घालायचं ठरवलं होतं. वीट झिजते, पाणी झिरपतं, हीच कारणं. ओरड झाली तेव्हा थांबले.

गिरणीचा भोंगा: चुना सोडून सिमेंट धरलं तेव्हापासून हे लोण्याचं रडगाणं. गिरण्यांच्या चिमण्यांना कुणी गिलावा केला होता?

विजापूर वेस: चिमणीचं नाव नको. साखर कारखान्याची २०२३ ला पाडली, तिच्यावरून माझे दोन मेव्हणे अजून बोलत नाहीत.

कडक भाकरी: वीट राहू द्या, हिरवळीचं बोला. उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज पाचेक लिटर पाणी लागतं. पाच हजार चौरस फुटांचं लॉन धरलं तर दर दोन दिवसांनी पाच हजार लिटरचा एक टँकर. इथं आमच्या नळाला चार दिवसांआड पाणी! करंज, बहावा, कडुनिंब लावा, दोन उन्हाळे जगवा, पुढं त्यांचं ते बघतात. पामच्या सावलीत तर मांजरसुद्धा बसत नाही.

आणि गच्ची? तिची किल्ली कुणाकडं? आमच्या अपार्टमेंटमध्ये सेक्रेटरींनी चार वर्षं स्वतःकडं ठेवलीय. कुरडया कुठं घालायच्या? सासूबाई ७८ वर्षांच्या, जन्मभर उन्हाळ्यात गच्चीवर झोपल्या, आता कूलरसमोर तळमळतात.

ओळंबा: गच्ची सामाईकच. रेराच्या, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांच्या, २०१६ च्या कायद्यात तसं लिहिलंय.

सात रस्ता: मी एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे (तुमच्या नव्हे). किल्ली का ठेवतो ते ऐका. पोरं वर जाऊन बाटल्या फोडतात, कुणी टाकीचं झाकण उघडं टाकतं. पाण्यात मेलेलं कबूतर निघालं, ते मी स्वतः काढलं. तेव्हा एकही कुरडईवाली वर आली नव्हती.

कडक भाकरी: कुरडईवाली? नीट बोला भाऊ. कबुतराची शिक्षा सासूबाईंना कशाला?

शेंगाचटणी: का बे, सेक्रेटरी झालास की गच्ची सातबाऱ्यावर चढते काय?

सात रस्ता: अरेतुरे नको. पुढचं वर्षभर तूच हो सेक्रेटरी, किल्ली आणि टाकी दोन्ही सांभाळ.

गिरणीचा भोंगा: चाळीत किल्ली नव्हती, कारण दारच नव्हतं. बारा बिऱ्हाडांची अंथरुणं ओळीनं पडायची. पहाटे भोंगा झाला की अर्धी उठायची, उरलेली कूस बदलायची.

विजापूर वेस: बरं, आता सांगतोच. त्या लाल इमारतीत माझ्या भावानं फ्लॅट घेतलाय. त्याला आत्ता फोन केला. हिरवळीला बोअरचं पाणी आहे, ते मेमध्ये किती उरतं ते त्याला माहीत नाही. वीट चिकटवलेलीच आहे, घ्या, जिंकलात. दिसते मात्र झकास. गच्चीला तिथं 'स्काय लाउंज' म्हणतात. रात्री दहाला बंद.

कडक भाकरी: आणि कुरडया?

विजापूर वेस: विचारल्या. आधी बुकिंग करावं लागतं म्हणे.