तो काय बोलला, तिच्यापर्यंत काय पोचलं: पुण्यातल्या घरांमधले अनुभव

अनुभव मागवताना

"बायका फार बोलतात आणि पुरुष ऐकत नाहीत" हे वाक्य केळवणापासून साठीशांतीपर्यंत आपल्या कानावर पडत असतं. त्यातला पहिला भाग मोजूनही झालाय. २००७ साली 'सायन्स' या नियतकालिकात मॅथियास मेल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. अमेरिका आणि मेक्सिकोतल्या ३९६ विद्यार्थ्यांना मधूनमधून आपोआप ध्वनिमुद्रण करणारं छोटं यंत्र दिलं होतं. त्यावरून दिवसभरातल्या शब्दांचा अंदाज काढला, तर मुलींची सरासरी १६ हजारांच्या थोडी वर निघाली आणि मुलांची थोडी खाली. म्हणजे फरक जवळपास नाहीच.

मग घरोघरी जे बिनसतं ते कशामुळे? "पुरुष असेच", "बायकांचं हे असंच" असं म्हटलं की शोध तिथेच थांबतो. मला वाटतं, खरं कारण बहुतेक वेळा त्या घरातच असतं: जागेत, कामाच्या वेळेत, माहेरच्या वळणात, कधी चक्क शरीरात. म्हणून हे अनुभव मागवतेय. एकच प्रसंग लिहा, पण नीट लिहा. कोण कुठे उभं होतं, काय शब्द गेले, समोरच्याने काय धरलं, पुढे काय बदललं. नावं नकोत, पुण्यातला भाग सांगितला तरी पुरे. पुरुषांनी जरूर लिहावं.

सहकारनगर

आमच्याकडे कारण शरीरात निघालं, म्हणून मी सुरुवात करते. हे बँकेतून निवृत्त झाले आणि हळूहळू माझं काही ऐकेनासेच झाले. सारसबागेत मित्रांशी तासभर गप्पा चालत, मुलाशी फोनवर व्यवस्थित बोलत, आणि मी काही सांगितलं की एक तर "हं", नाहीतर भलतंच. "सहा वाजता डॉक्टरांकडे जायचंय" म्हणाले, तर हे दहाचं धरून बसलेले. सगळ्या जगाचं ऐकू येतं आणि बायकोचंच येत नाही, हे मनाला फार लागायचं. मग अबोला.

शेवटी मुलीने धरून कानांच्या तपासणीला नेलं. बंद खोलीत हेडफोन लावून वेगवेगळ्या पट्टीचे सूर ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचं. त्याचा आलेख काढून देतात. यांचा आलेख खालच्या पट्टीत चांगला होता आणि वरच्या पट्टीकडे जिना उतरावा तसा खाली गेलेला. वयोमानाने ऐकणं कमी होतं तेव्हा बहुधा उंच पट्टीचं आधी जातं, असं तिथल्या ऑडिऑलॉजिस्ट बाईंनी समजावलं. बायकांचा आवाज मुळात वरचा, त्यात स, श, फ, थ यांचे आवाज आणखी वरचे आणि हलके. त्यामुळे कोणीतरी बोलतंय एवढं कळतं, पण शब्द हाती लागत नाही. मुलाचा आणि मित्रांचा आवाज खालच्या पट्टीतला, तो पोचत होता.

आणि मी बोलायची कुठून? ओट्यापाशी, पाठमोरी, नळ चालू, हे बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर. आता यांच्या दोन्ही कानांना यंत्र आहे. सुरुवातीला प्लॅस्टिकच्या पिशवीची सळसळ आणि कुकरची शिट्टी असह्य व्हायची, सवयीने जमलं. मी आधी हाक मारते, यांनी वळून बघितलं की समोर उभं राहून बोलते, नळ बंद करून. साठीपुढच्या ज्या मैत्रिणी "हे माझं ऐकतच नाहीत" म्हणतात, त्यांना मी कळकळीने सांगते, रुसण्याआधी कान तपासून घ्या.

पूर्वी शनिवार पेठ, आता वारजे (आजी सांगतेय, मी नात लिहितेय)

माझं लग्न झालं तेव्हा वाड्यात दोन खोल्या. सासू-सासरे, दोन दीर, नणंद आणि आम्ही. चारचौघांत नवऱ्याशी बोलणं म्हणजे आगाऊपणा. यांना काही विचारायचं तर नणंदेला म्हणायचं, "दादाला विचार, पाणी काढू का?" आणि हे तिथेच बसलेले असायचे.

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं. हे सकाळीच कामावर गेले होते. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं तसे आम्ही सगळे उंचावरच्या ओळखीच्या घरी गेलो. यांचा पत्ता नाही. मी दारातून हलले नाही. अंधार पडल्यावर आले, गुडघ्यापर्यंत चिखल. माझ्यासमोरून आत गेले आणि सासूबाईंना म्हणाले, "आई, मी ठीक आहे." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी आतल्या खोलीत जाऊन रडले. त्या रात्री रडायला प्रत्येकाकडेच काहीतरी होतं, त्यामुळे कोणी कारण विचारलं नाही.

पुढे मुलं मार्गी लागली, इकडे फ्लॅट घेतला, तेव्हा मी विचारलं, "त्या दिवशी माझ्याशी का बोलला नाहीत?" म्हणाले, "तुला ऐकू जावं म्हणूनच मोठ्यांदा बोललो. आई तर हाताच्या अंतरावर होती."

(नातीकडून: वाडा सुटला तरी वळण सुटलं नाही. घरात दोघंच असताना आजोबा माझ्या बाबांना फोन करून "तुझ्या आईला सांग" म्हणायचे, हे मी स्वतः पाहिलंय.)

वाकड

आमच्याकडे सगळं उलटं आहे. उपाय सुचवणारी मी, आणि नुसतं ऐकून घ्यावं असं वाटणारा नवरा. तो शाळेत शिक्षक, मी आयटीत टीम सांभाळते. आमचा क्लायंट न्यूयॉर्कचा. तिथले सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा, आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेसात. नवरा चहा घेऊन निवांत बोलायला बसतो, नेमका तेव्हा माझा कॉल लागतो. कॉलवरून उठले की डोकं त्याच गतीत असतं. तो म्हणतो, "आज नववीतला एक मुलगा वर्गात रडला." मी लगेच, "मुख्याध्यापकांना सांगितलंस? पालकांना बोलावून घे." तो गप्प होतो. एकदा म्हणाला, "मी तुझ्याकडे तिकीट टाकलेलं नाही गं, झालेलं सांगतोय." (तिकीट म्हणजे आमच्या आयटीतली तक्रारीची नोंद.)

पुरुष माहिती देण्यासाठी बोलतात आणि बायका नातं जोडून ठेवण्यासाठी, अशा अर्थाची मांडणी भाषाशास्त्रज्ञ डेबोरा टॅनन यांनी १९९० साली केली होती. खूप जणांना ती आपली वाटते. आमच्या घराला ती लागू पडत नाही. दिवसभर जो जे काम करतो त्याचंच वळण घेऊन तो घरात शिरतो, असं माझं म्हणणं. आता कॉल संपला की मी आधी बाल्कनीतल्या झाडांना पाणी घालते आणि मग त्याच्याकडे येते. त्याचं सांगणं पूर्ण होतं. सल्ला हवा असेल तर तो विचारतो, आणि बऱ्याचदा विचारतोच.

धायरी

आमचे हे पीएमपीएमएलला कंडक्टर. दिवसभर "पुढे सरका", "सुट्टे द्या", वर लोकांची बोलणी. घरी आले की तोंडातून शब्द नाही. मी घरी ब्लाउज शिवते, दुपारभर एकटी मशिनवर, त्यामुळे मला कधी एकदा बोलते असं झालेलं. लग्नानंतर बरीच वर्षं मला वाटायचं की मी यांना आवडतच नाही. मग ध्यानात आलं की समोर बसवून विचारलं की हे गप्प राहतात, आणि हाताला काम असलं की आपोआप बोलतात. आता जेवणं झाल्यावर मी हूक लावायला बसते, हे शेजारी बसून सुटे दोरे कापतात. डेपोतलं राजकारण, कोणाची बदली, कोणत्या आजीने आशीर्वाद दिला, सगळं कळतं मला.

कर्वेनगर

पुरुषांनी लिहा म्हणालात म्हणून लिहितो. मी फार बोलत नाही हे खरं आहे. पण दर रविवारी बायकोच्या ॲक्टिव्हात पेट्रोल भरून आणतो, हवा बघतो, पावसाळ्याआधी ब्रेक घट्ट करून घेतो. ती रोज सिंहगड रस्त्याच्या गर्दीतून जाते आणि मला काळजी वाटते. ते तोंडाने सांगायला मला जमत नाही, आमच्या घरात कोणा पुरुषाने असं काही म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. हे बोलणं म्हणून कोणी धरत नाही, याचं वाईट वाटतं.

पिंपळे सौदागर

कर्वेनगरच्या दादांची काळजी खरी आहे आणि त्यांच्या पत्नीला ती कळत असणार. पण मग रोजच्या पोळ्या, डबे, सासऱ्यांच्या गोळ्या, हेही बोलणंच झालं, आणि ते तर कोणीच मोजत नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात असं आलं होतं, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. आणि मुळात घरकाम करणारे पुरुष शंभरात जेमतेम सव्वीस होते.

आमच्या घरातलं सगळ्यात दुखरं वाक्य होतं, "तू सांग ना, मी करतो." नवरा ते मनापासून म्हणायचा. पण सांगायचं म्हणजे आठवायचं मीच. गणवेशाचं माप, सहलीची परवानगी, शनिवारी रंगीत कपडे, लसीची तारीख. मी चिडले की त्याला कळायचं नाही, कारण सांगितलेलं तर त्याने केलेलं असायचं. मग आम्ही कामं वाटायच्याऐवजी खाती वाटली. मुलांची शाळा हे पूर्ण त्याचं खातं. शाळेच्या गटात तो आहे, मी बाहेर पडले. पहिल्या सत्रात धाकट्याची चित्रकलेची वही राहिली आणि मी आठवण केली नाही. ते फार जड गेलं मला. पण आता पालकसभेहून तो आला की मला सांगायला त्याच्याकडे काहीतरी असतं. आधी रात्रीचं आमचं बोलणं म्हणजे माझी यादी आणि त्याचं "हो" असायचं.

शिवाजीनगर, निवृत्त समुपदेशक

मी कौटुंबिक न्यायालयात आलेल्या जोडप्यांबरोबर काम केलं. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानुसार न्यायालयाने आधी समेटाचा प्रयत्न करायचा असतो, त्यामुळे दोघं आमच्यासमोर बसत. मी एकच गोष्ट करायला लावायचे: उत्तर देण्याआधी समोरच्याने काय म्हटलं ते आपल्या शब्दांत सांगा, आणि "हो, मला हेच म्हणायचं होतं" असं त्याने म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. बायको म्हणायची, "उशीर होणार असेल तर फोन करत जा." नवरा सांगायचा, "ती म्हणते, मी बेजबाबदार आहे." नवरा म्हणायचा, "आईसमोर माझा पगार काढू नकोस." बायको सांगायची, "यांना माझं त्यांच्या आईशी बोलणंच नकोय." शिकलेली, मोठ्या हुद्द्यावरची माणसंसुद्धा पहिल्या खेपेला अडायची. ज्यांना जमलं ती सगळी एकत्र राहिली असं नाही, पण वेगळी होतानाही मुलांबद्दल नीट बोलू शकली.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिते. मारहाण, धमक्या, पैसे अडवणं, माहेरी फोन करू न देणं, हे संवादातलं अंतर नाही. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे आणि महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. तिथे "जरा समजून घे" असा सल्ला कोणी देऊ नये.

औंध

मी कोल्हापूरची, सासर पुण्याचं. आमच्याकडे प्रेमाने जेवायला बोलावतानाही आवाज गल्लीच्या टोकाला जातो. इथे सासरी रागसुद्धा हळू आवाजात. मी स्वयंपाकघरातून "या की जेवायला, किती वेळ!" म्हटलं की नवऱ्याला वाटायचं मी भडकलेय, आणि तो "तुला वाटत असेल तर जाऊ आपण" म्हणाला की मला वाटायचं जायचं नाहीये. खरं तर त्याला जायचंच असायचं. यात बाई-पुरुष असं काही नाही, दोन गावं आहेत. तो चार दिवस माझ्या माहेरी राहिला, माझे वडील आणि काका शेताच्या पाण्यावरून कसे बोलतात ते ऐकलं, आणि त्यानंतर माझ्या आवाजाला घाबरायचा थांबला. मीही आता त्याला सरळ विचारते, "तुला जायचंय का, एवढंच सांग."

हडपसर

आमचं अजून सुटलेलं नाही, म्हणून विचारतो. बायको रोज तिच्या आईशी फोनवर बोलते, त्याबद्दल काही तक्रार नाही. पण तिच्या ऑफिसात बढतीचं चाललंय हे मला सासूबाईंकडून कळलं. रागावलो नाही, विचारलं. ती म्हणाली, "आई पुढचं विचारते. तू 'अरे वा' म्हणतोस आणि तिथेच संपतं." तेव्हापासून मी प्रयत्न करतोय, पण माझे प्रश्न चौकशी केल्यासारखे होतात: कधी, किती वाढणार, कोणी सांगितलं. ती त्रोटक उत्तरं देते. तुमच्यापैकी कोणाला हे जमलंय का? नेमकं काय विचारता, आणि कोणत्या वेळी? जेवताना, की मुलगी झोपल्यावर? बायकांनी उत्तर दिलं तर जास्त बरं होईल.