माल्टाचा दौरा : इमजारला एक दिवस द्यायचा का?

नाना: तिकिटं झाली. १२ एप्रिलला पोचतो, दुबईला विमान बदलून. मी यादी केली आहे. वॅलेटाचं पुराणवस्तू संग्रहालय, मग प्राचीन दगडी मंदिरं: तारशीन, हाजार ईम, इमनायद्रा आणि गोझो बेटावरचं जिगान्तिया. चार दिवसांत सगळं होईल ना?

ताई (माल्टा): होईल नाना, पण नुसती पळापळ होईल. मला विचाराल तर एक अख्खा दिवस इमजारसाठी ठेवा. मी तीन वर्षं इथे आहे, सुट्टी मिळाली की माझे पाय तिकडेच वळतात.

दादा: इमजार म्हणजे गोझोची बोट लागते ते बंदर ना?

ताई (माल्टा): ते वेगळं. त्याचंही नाव इमजारच, पण ते गोझोत. मी म्हणते ते गाव माल्टा बेटाच्या वायव्येला, शेतांच्या मधोमध आहे. मॅपवर नाव टाकताना नीट बघ हं. माझ्या मैत्रिणीचे आईबाबा थेट बोटीच्या धक्क्यावर जाऊन पोचले होते, अर्धा दिवस वाया गेला.

नाना: पण तिथली मंदिरं लहान आहेत असं वाचलं. हाजार ईम सोडून तिथे कशाला?

ताई (माल्टा): हाजार ईम बघाच, सोडू नका. पण ते मोठ्या तंबूसारख्या छपराखाली आहे, सोबत माहिती केंद्र, गर्दी. इमजारचं ता हाजरात गावातच आहे. चार घरं ओलांडली की समोर दगड. 'हाजरा' म्हणजे माल्टीत दगड, ही भाषा अरबीच्या घरातली आहे ना. दोन मंदिरं एकमेकांना चिकटून आहेत, मोठं आहे ते इ.स.पू. ३६०० ते ३२०० च्या दरम्यानचं. म्हणजे गिझाच्या पिरॅमिडपेक्षा हजारेक वर्षं जुनं. दारापुढे मोकळं अंगण, भिंतीला लागून दगडी बाक. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं. पाच हजार वर्षांपूर्वी माणसं इथेच जमत असतील, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि त्या दारासमोर उभं राहणं वेगळं.

तिथेच उत्खननात एका इमारतीची चिमुकली दगडी प्रतिकृती सापडली. इतकी लहान की तळहातावर मावेल. भिंती, दार, वरचं छप्पर सगळं कोरलेलं. आज या मंदिरांपैकी एकावरही मूळ छप्पर उरलेलं नाही, म्हणून ती एवढीशी वस्तू फार मोलाची. ती वॅलेटाच्या संग्रहालयात आहे. तुमच्या यादीत संग्रहालय आधी आहे ते फार बरं झालं. आधी प्रतिकृती बघा, मग जागा.

नाना: उत्खनन कुणी केलं?

ताई (माल्टा): हे मला सांगायचंच होतं! थेमिस्टोक्लिस झामित यांनी, १९२३ ते १९२६. हे पेशाने डॉक्टर. माल्टा फीवर, म्हणजे आपण ब्रुसेलोसिस म्हणतो तो ताप, शेळीच्या दुधातून पसरतो हे त्यांनीच १९०५ मध्ये शोधलं. आम्हाला नर्सिंगला हा आजार होता, पण हे नाव मला इथे येऊन कळलं. एकाच माणसाने दुधातला रोगही शोधला आणि मातीतली मंदिरंही. ता हाजरातला गेले की मला त्यांची आठवण होतेच.

आत्या: दगड झाले. आता मला सांग, मी खाणार काय? माझं शाकाहारी, आणि दादा म्हणतो तिथे सगळे ससा खातात.

ताई (माल्टा): आत्या, खातात हे खरं. इमजार त्यासाठीच प्रसिद्ध आहे. रविवारी आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत लांबच लांब टेबलं भरतात, त्याला फेंकाता म्हणतात. आधी सशाच्या रश्शातली स्पगेटी, मग लसूण आणि वाइनमध्ये परतलेला किंवा शिजवलेला ससा. दादा, तुझी सोय झाली. म्हणतात की माल्टावर सेंट जॉनच्या नाइट्सची, म्हणजे ख्रिस्ती सरदारांची राजवट होती, तेव्हा सामान्य माणसावर शिकारीची बंधनं होती, म्हणून सशाचं जेवण हा लोकांना स्वतःचा हक्क वाटतो. गोगलगायीही असतात, बेब्बुश. त्या मी अजून खाल्ल्या नाहीत.

तुझ्यासाठी बिगिल्ला. आत्या, ही तुला आवडणार म्हणजे आवडणार. वाळवलेला बाकला भिजवून, शिजवून, ठेचून त्यात लसूण, ऑलिव्ह तेल, मिरची. रंग करडा-तपकिरी, दिसायला काही खास नाही, पण वास आला की मला तुझ्या वालाच्या उसळीची आठवण येते. त्यासोबत कडक साल असलेला पाव. दुसरं कापुनाता, म्हणजे वांगी, टोमॅटो, सिमला मिरची आणि केपर्स. होब्झ बिझ्झेयत म्हणजे पावावर टोमॅटो चोळून तेल आणि ऑलिव्ह, त्यात टूना मासा घालतात, तेव्हा 'टूना नको' असं आधीच सांगायचं.

आत्या: आणि ते त्रिकोणी-चौकोनी खारीसारखं काय असतं? तू फोटो टाकला होतास.

ताई (माल्टा): पास्तित्सी. आत रिकोटा नाहीतर वाटाणा. पण पारंपरिक पिठात प्राण्यांची चरबी घालतात, तेव्हा विचारूनच घे. मेंढीच्या दुधाचं जबेयना चीजही तसंच, दूध जमवायला रेनेट वापरतात, ते सहसा जनावराच्या पोटातून काढलेलं असतं. तुला चालत नसेल तर राहू दे. आणि झामित यांना स्मरून सांगते, पाश्चराइज्ड लिहिलेलंच घ्यायचं.

काकू: माझ्या गुडघ्यांना झेपेल का गं?

ताई (माल्टा): काकू, ता हाजरात सहज झेपेल. दुसरी जागा स्कोर्बा, किलोमीटरभर लांब, तिथे आपण गाडीने जाऊ. तिथे एक उभा दगड जवळजवळ ३.४ मीटर उंच आहे. बाकी पाहायला कमी, पण नाना तिथे रमतील. १९६१ ते ६३ मध्ये डेव्हिड ट्रम्प यांनी खणलं, तेव्हा मंदिराखाली त्याहून जुनी वस्ती निघाली. करडी आणि लाल अशी दोन प्रकारची मडकी मिळाली, त्यावरून माल्टाच्या इतिहासातल्या दोन काळांना स्कोर्बाचं नाव पडलं. इमजारच्या नावाचाही एक काळ आहे.

चर्चही बघा, चौकातच आहे. घुमट अंड्याच्या आकाराचा. गावकऱ्यांनी अंडी आणि शेतमाल विकून पैसे उभे केले, १९१२ ला सुरू झालेलं काम पुरं व्हायला ४० च्या दशकापर्यंत वेळ लागला.

नाना: पटलं. १४ ला इमजार. हायपोजियमचं, त्या जमिनीखालच्या प्राचीन दफनस्थानाचं काय?

ताई (माल्टा): त्याची तिकिटं आजच काढा, आत्ता! जमिनीखाली तीन मजले कोरलेले आहेत, एका वेळी दहाच माणसं सोडतात. गेल्या वर्षी माझ्या मैत्रिणी आल्या, तीन आठवडे आधी पाहिलं तरी एक जागा नव्हती. फार वाईट वाटलं. इमजारची दोन्ही ठिकाणंही रोज दिवसभर उघडी नसतात, वेळ मी बघून ठेवते.

नाना: काढली. १६ तारीख, दुपारी तीन. चार जागा मिळाल्या.

आत्या: मग मी येताना पेढे आणि तूप आणते.

ताई (माल्टा): आत्या, दुधाचं काही नको. बाहेरून युरोपात येताना दूध-मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतील. गोडा मसाला आण. आणि एप्रिलमध्ये इमजारला स्ट्रॉबेरी असते, शेतातली. येताना रिकामा डबा आण.